प्रायॉरिटी मागितली, मिळाली का?

जावामध्ये थ्रेडला 1 ते 10 यांपैकी कोणतीही प्रायॉरिटी देता येते. काहीच सांगितलं नाही तर सहसा 5 मिळते. लिनक्सच्या यंत्रावर एका थ्रेडला 10 द्या, दुसऱ्याला 1 द्या आणि दोघांनाही एकाच कोअरवर डांबून नुसती मोजणी करायला लावा. थोड्या वेळाने आकडे बघितले तर दोघांची मोजणी जवळजवळ सारखी भरते. मग थ्रेडला त्याची प्रायॉरिटी विचारा. तो खुशाल सांगतो, 10.

यात कुणी खोटं बोलत नाही. दिलेला आकडा जावाच्या ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवलेला असतो आणि विचारल्यावर तोच परत मिळतो. पण हॉटस्पॉट या जावाच्या मुख्य व्हर्च्युअल मशीनमध्ये, तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिमकडे पोचवायचा त्या जागी, पहिल्याच ओळीत तपासणी आहे: प्रायॉरिटीचं धोरण शून्य असेल तर काहीही न करता ‘ठीक आहे’ म्हणून परत फिरा. लिनक्सवर हे धोरण मुळातच शून्य असतं. ते 1 करायला वेगळा पर्याय द्यावा लागतो आणि त्यालाही रूटचे किंवा तशा जातीचे अधिकार लागतात. तसं केल्यावर 1 ते 10 हे आकडे लिनक्सच्या ‘नाइस’ मापात 4 ते उणे 5 असे उतरतात.

त्यामुळे कोणत्या सिस्टिममध्ये प्रायॉरिटीच्या किती पायऱ्या आहेत, या प्रश्नाचं माहितीपुस्तिकेतलं उत्तर फारसं कामाचं नसतं. प्रश्न खरं तर तीन आहेत. सिस्टिम आकडा घेते का? घेतलेले दोन वेगळे आकडे आतपर्यंत वेगळे राहतात का? आणि राहिले तर खेचाखेचीच्या वेळी त्यांनी काही फरक पडतो का? बहुतेक प्रोग्रामर पहिल्यावर थांबतात. फंक्शनने एरर दिला नाही, म्हणजे काम झालं.

विंडोजपासून सुरुवात करावी, कारण तिथला हिशेब कागदावर मांडता येतो. कर्नलमध्ये 0 ते 31 अशा 32 पातळ्या आहेत. 0 ही मेमरीची रिकामी पानं पुसणाऱ्या थ्रेडसाठी राखलेली. 1 ते 15 सामान्य कामांसाठी, 16 ते 31 रिअलटाइम. पण प्रोग्रामरला हे आकडे थेट देता येत नाहीत. प्रोसेसला सहांपैकी एक वर्ग द्यायचा आणि थ्रेडला त्या वर्गाच्या आत सातांपैकी एक सापेक्ष पायरी द्यायची. वर्गांचे मध्यबिंदू अनुक्रमे 4, 6, 8, 10, 13 आणि 24. सापेक्ष पायऱ्या म्हणजे मध्यबिंदूच्या दोन खाली ते दोन वर, शिवाय दोन टोकं: एक थेट तळाशी नेणारं, दुसरं थेट माथ्यावर.

सहा गुणिले सात, म्हणजे 42 जोड्या. आता त्या एकेक करून मांडून बघा. नॉर्मल वर्गातला साधा थ्रेड 8 वर असतो. त्याच्या खालच्या वर्गातला, सर्वांत वरच्या साध्या पायरीवरचा थ्रेडही 8 वरच येतो. हाय वर्गातली ‘हायेस्ट’ पायरी 15 आणि ‘टाइम क्रिटिकल’ही 15. रिअलटाइम सोडून पाचही वर्गांत तळाची पायरी 1 वरच जाते. असं करत गेलं की 42 जोड्यांतून वेगळे आकडे उरतात 22. रिअलटाइम वर्गात आणखी काही मधले आकडे मागायची सोय आहे, ती धरली तर 1 ते 31 सगळे मिळतात. पण रिअलटाइमला खास अधिकार लागतो, आणि इथे विंडोजची एक खोड आहे: अधिकार नसलेल्या प्रोसेसने रिअलटाइम वर्ग मागितला तर तिला नकार मिळत नाही, गुपचूप हाय वर्ग मिळतो. फंक्शनचं उत्तर यशाचंच असतं. मागितलं काय आणि मिळालं काय, हे पुन्हा विचारल्याशिवाय किंवा टास्क मॅनेजर उघडल्याशिवाय कळत नाही.

जावाचे दहा आकडे विंडोजवर उतरतात ते दोन-दोनच्या जोडीने, पाच पायऱ्यांवर. 9 आणि 10 मध्ये तिथे फरक नाही. 5 आणि 6 मध्येही नाही. तरी जे उरतं ते खरोखर पाळलं जातं, आणि फार कडकपणे. वरच्या पातळीचा थ्रेड तयार असेल तर खालच्याला त्या कोअरवर जागा नाही. 8 आणि 9 मधला फरक आणि 8 आणि 15 मधला फरक इथे सारखाच, कारण वाटणी प्रमाणात होत नाही. वरच्याचं पोट भरेपर्यंत खालचा ताटकळतो. मात्र विंडोज त्याला मरू देत नाही. कर्नलमधला एक थ्रेड सेकंदागणिक रांगा चाळतो आणि सुमारे चार सेकंद ताटकळलेला कुणी सापडला तर त्याला थोड्या वेळापुरता 15 वर चढवतो. चाचणी घेताना हे माहीत नसेल तर आकडे वेड्यासारखे दिसतात: खालच्या थ्रेडची मोजणी बराच वेळ गोठलेली, मग एकदम एक उडी, पुन्हा गोठलेली.

याशिवाय सिस्टिम स्वतःहून बक्षिसं वाटत असते. डिस्कचं काम पूर्ण झाल्यावर जागा होणाऱ्या थ्रेडला एक पायरी वर, नेटवर्कला दोन, कीबोर्ड-माउसला सहा, आवाजाला आठ. ही बढती हळूहळू उतरते, पण तोवर तुम्ही काळजीपूर्वक ठरवलेला एका पायरीचा फरक कुठल्या कुठे वाहून गेलेला असतो. माझ्या मते विंडोजच्या सामान्य पट्ट्यात एका पायरीवर भिस्त ठेवून रचना करणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं.

लिनक्सचा स्वभाव याच्या अगदी उलट. साध्या थ्रेडसाठी नाइस हा आकडा उणे 20 ते 19, म्हणजे 40 पायऱ्या, आणि आकडा जितका मोठा तितका हक्क कमी. 2007 मध्ये इंगो मोलनार यांनी लिहिलेला सीएफएस हा शेड्यूलर 2.6.23 या आवृत्तीत आला. त्याच्या आधी कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाने, फावल्या वेळात कर्नल शिकून, समान वाटपाचा शेड्यूलर करून दाखवला होता. स्वीकारला गेला तो मोलनार यांचा आणि कोलिव्हास त्याच वर्षी वैतागून बाजूला झाले. या गोष्टीत लिनक्सच्या कारभाराबद्दल बरंच काही आहे, पण तो वेगळा विषय.

सीएफएसने नाइसला गणिती अर्थ दिला. प्रत्येक पायरीला एक वजन: 0 ला 1024, 1 ला 820, 5 ला 335, 10 ला 110, 15 ला 36, 19 ला 15 आणि उणे 20 ला 88761. दोन शेजारच्या पायऱ्यांत सव्वापटीचा फरक. कोअरचा वेळ वजनांच्या प्रमाणात वाटला जातो. 2023 मध्ये 6.6 आवृत्तीत सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ आला, तरी वजनांचा तक्ता तोच राहिला.

हे सहज पडताळता येतं. ‘टास्कसेट’ने दोन अखंड फिरणारे प्रोग्राम शून्य क्रमांकाच्या कोअरवर बांधायचे, एक नाइस 0 ने, दुसरा नाइस 5 ने. दोन्ही एकाच टर्मिनलमधून सुरू करायचे. ‘टॉप’मध्ये पहिल्याला 75 टक्के, दुसऱ्याला 25 टक्के दिसतात: 1024 आणि 335 यांचं प्रमाण तेच. मग 10 आणि 15 घेऊन बघा. 110 आणि 36, पुन्हा 75 आणि 25. म्हणजे पायऱ्या 40 आहेत, त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचा परिणाम कागदावरच्या गणिताबरहुकूम होतो. इतकी सचोटी कुठल्याही दुसऱ्या सर्वसाधारण सिस्टिममध्ये मला दिसलेली नाही.

आता तोच प्रयोग दोन वेगळ्या टर्मिनलमधून करा. एकात नाइस 0, दुसऱ्यात नाइस 19. तक्त्याप्रमाणे 98 आणि 2 च्या आसपास यायला हवं. अनेक डेस्कटॉप वितरणांवर येतं 50 आणि 50. कारण 2011 मध्ये 2.6.38 पासून आलेली ऑटोग्रुप नावाची सोय. ती प्रत्येक टर्मिनलच्या सत्राचा एक गट करते, आधी वेळ गटांत वाटते आणि नाइसचा विचार गटाच्या आत करते. गटात एकटाच प्रोग्राम असेल तर त्याचा नाइस कोणाच्या तुलनेत मोजायचा? त्यामुळे मागच्या टर्मिनलमध्ये भलंमोठं कंपाइल नाइस 19 ने लावून निर्धास्त होणारे लोक वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घालत आले आहेत. सीग्रुपची, आणि त्यांवर उभ्या असलेल्या कंटेनरची कथाही अशीच: वाटणी आधी कंटेनरांत, मग आत. शिवाय डॉकरच्या साध्या कंटेनरमध्ये नाइस उणे करायचा अधिकारच नसतो. निदान तिथे नकार तरी स्पष्ट मिळतो.

लिनक्सची दुसरी बाजू रिअलटाइमची: फिफो आणि राउंड रॉबिन या दोन धोरणांत 1 ते 99. पॉझिक्स मानक किमान 32 पातळ्या मागतं, लिनक्स 99 देतो आणि पाळतो. साध्या धोरणात मात्र ‘जास्तीत जास्त प्रायॉरिटी किती’ असं विचारलं तर उत्तर 0, ‘कमीत कमी किती’ तरी 0. ‘सीएचआरटी’ या आज्ञेला हा सगळा तक्ता छापायला सांगता येतं, आणि कोणत्याही नव्या यंत्रावर पहिली नजर टाकायची ती इथे. साध्या धोरणात 5 मागितलात तर सिस्टिम सरळ चूक दाखवते.

एवढ्या प्रामाणिक सिस्टिममध्येही एक सापळा आहे. सी भाषेत थ्रेड तयार करताना त्याच्या गुणधर्मांत फिफो लिहिलं, प्रायॉरिटी 50 लिहिली आणि थ्रेड सुरू केला. तो व्यवस्थित चालू होतो. पण ‘हे गुणधर्म जन्मदात्या थ्रेडकडून घ्यावे की इथले वापरावे’ असा आणखी एक गुणधर्म असतो आणि लिनक्सवर न सांगता तो वारशाच्या बाजूने असतो. तो बदलला नाही तर 50 हा आकडा लिहिलेला राहतो, वाचला जात नाही. थ्रेड साधाच जन्मतो. गंमत अशी की तो गुणधर्म नीट बदलला की ज्यांच्याकडे रिअलटाइमचा अधिकार नाही त्यांचा थ्रेड तयारच होत नाही. थोडक्यात, आधीचा प्रोग्राम चालत होता तो चुकल्यामुळे. म्हणून रिअलटाइम थ्रेड चालू झाल्यावर त्याने पहिलं काम करावं ते स्वतःचं धोरण आणि पातळी कर्नलला विचारण्याचं. इथे मिळणारं उत्तर, जावाच्या उत्तरासारखं, स्वतःच्या वहीतलं नसतं.

फिफो 99 वर अखंड फिरणारा थ्रेड सगळा कोअर गिळेल असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं लिनक्सने रिअलटाइम कामांना दर सेकंदात 0.95 सेकंदच दिला आहे. उरलेला विसावा हिस्सा बाकीच्यांसाठी, म्हणजे अडकलेल्या यंत्रावर निदान लॉगिन करून त्या थ्रेडला मारता यावं म्हणून. ही मर्यादा बदलता येते. ज्यांची यंत्रं कारखान्यात हात हलवतात त्यांनी ती बदललेली असते किंवा बदलायला हवी असते.

ॲपलने आकड्यांचा नादच सोडून दिला. मॅकच्या कर्नलमध्ये 0 ते 127 पातळ्या आहेत, साधा थ्रेड 31 वर. पण 2014 मध्ये, ओएस टेन योसेमिटी आणि आयओएस 8 पासून, प्रोग्रामरने आकडा सांगायचाच नाही. काम कशासाठी आहे ते सांगायचं. वापरणारा आत्ता बोट टेकवून वाट बघतोय, त्याने मागितलंय आणि थोडं थांबेल, चालू राहू दे, किंवा कधी झालं तरी चालेल. हे ‘सेवेचे दर्जे’ कर्नल स्वतः आकड्यांत उतरवतं: पार्श्वभूमीला 4, ‘युटिलिटी’ला 20, वापरकर्त्याने सुरू केलेल्या कामाला 37. जुन्या पॉझिक्स फंक्शनने 15 ते 47 मधला आकडा अजूनही मागता येतो, पण तसा मागितला की तो थ्रेड दर्जांच्या व्यवस्थेतून बाहेर पडतो आणि पुढे येणाऱ्या सोयींना मुकतो.

2020 मध्ये एम1 आल्यावर या दर्जांना नवीन वजन आलं. त्या चिपवर वेगवान आणि काटकसरी असे दोन जातींचे कोअर आहेत आणि पार्श्वभूमीचा दर्जा मिळालेला थ्रेड काटकसरी कोअरवरच राहतो, वेगवान कोअर रिकामे बसले असले तरी. इथे जुनी चाचणी कोसळते. यंत्र मोकळं असताना प्रायॉरिटीचा काही परिणाम दिसू नये हे आजवरचं गृहीत; इथे मोकळ्या यंत्रावरही थ्रेड कित्येक पटींनी हळू चालतो. उलट, थ्रेडला एका ठराविक कोअरवर बांधायची सोय या चिपवर नसल्यामुळे खेचाखेच घडवायची तर कोअरांपेक्षा जास्त थ्रेड सोडण्यावाचून इलाज नाही.

अँड्रॉइडवर कर्नल लिनक्सचंच, पण जावाचे दहा आकडे तिथे तत्परतेने नाइसमध्ये उतरतात: 1 ला 19, 5 ला 0, 10 ला उणे 8. म्हणजे तोच प्रोग्राम, तेच कर्नल, फोनवर आज्ञा पाळली जाते आणि सर्व्हरवर नाही. डॉटनेटमध्ये पाच पातळ्या आहेत, विंडोजवर पाळल्या जातात, लिनक्सवर त्यांचा काही उपयोग नाही. गो भाषेने गोरुटीनला प्रायॉरिटी दिलीच नाही. सी++ आणि रस्ट यांच्या मानक ग्रंथालयांतही ती नाही. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’मध्ये थ्रेड प्रायॉरिटीला जावातल्या सर्वांत कमी हलवता येण्याजोग्या गोष्टींत बसवलं होतं, ते आजही तंतोतंत लागू आहे.

डिस्कच्या प्रायॉरिटीची गत आणखी वाईट. लिनक्सवर ‘आयोनाइस’ आकडा आनंदाने घेतं, पण तो पाळायचा की नाही हे त्या डिस्कला कोणता शेड्यूलर लावलाय त्यावर. बीएफक्यू पाळतो. एनव्हीएमई डिस्कवर बहुधा शेड्यूलरच नसतो, मग आकडा पाळणार कोण?

या सगळ्या गोंधळात सर्वांत सरळ वागणूक मिळते ती छोट्या चिपवर. एआरएम कॉर्टेक्स-एम या जातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रत्येक इंटरप्टच्या प्रायॉरिटीला 8 बिटांची जागा आहे, म्हणजे कागदावर 256 पातळ्या. पण चिप बनवणारे त्यातले वरचे थोडेच बिट प्रत्यक्ष बसवतात. एसटीएम32एफ4 मध्ये 4, म्हणजे 16 पातळ्या. कॉर्टेक्स-एम0 मध्ये 2, म्हणजे चारच. न बसवलेले बिट लिहिले तरी टिकत नाहीत, वाचताना शून्य येतात. म्हणून पडताळणी एका ओळीची: त्या रजिस्टरमध्ये सगळे बिट 1 लिहायचे आणि परत वाचायचं. 255 लिहून 240 परत आलं तर वरचे चार बिट खरे.

हे न करणाऱ्याला शिक्षाही रोकडी मिळते. या चिपवर छोटा आकडा म्हणजे मोठा मान. कुणी मध्यम प्रायॉरिटी म्हणून रजिस्टरमध्ये थेट 5 लिहिला, तर 5 चे दोन्ही बिट खालच्या, न बसवलेल्या अर्ध्यात पडतात. चिपवर उरतो 0. मध्यम मागितली आणि मिळाली सर्वोच्च. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमने यावर चांगला तोडगा काढला आहे: तपासण्या चालू ठेवल्या असतील तर शेड्यूलर सुरू होताना ती स्वतःच रजिस्टरमध्ये सगळे 1 लिहून परत वाचते, किती बिट खरे आहेत ते मोजते आणि पुढे प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी त्या मापाने जोखते. त्याच फ्रीआरटीओएसमध्ये तपासण्या बंद ठेवल्या आणि टास्कला कमाल मर्यादेपेक्षा मोठा आकडा दिला, तर तो आकडा निमूटपणे मर्यादेवर आणून बसवला जातो. दोन्ही वृत्ती एकाच घरात.

पातळ्या पाळल्या जाऊनही घात होऊ शकतो, याचं प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं. 4 जुलै 1997 रोजी उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांनी अधूनमधून स्वतःला रीसेट करू लागलं. त्यावरची व्हीएक्सवर्क्स ही सिस्टिम 0 ते 255 पातळ्या देते, 0 सर्वांत वरची, आणि काटेकोरपणे पाळते. घोटाळा झाला तो त्या काटेकोरपणातूनच. हवामानाची मोजमापं गोळा करणारं खालच्या पातळीचं काम एक कुलूप धरून होतं. माहितीच्या वाहिनीचा कारभार बघणारं वरच्या पातळीचं काम त्या कुलपासाठी थांबलं. आणि मधल्या पातळीची संदेशवहनाची कामं खालच्याला कोअर मिळू देईनात. वरचा अडकला मधल्यांमुळे. वेळेत काम झालं नाही असं दिसताच यान स्वतःला रीसेट करी. इलाज तयार होता: कुलूप धरणाऱ्याला, ते सोडेपर्यंत, वाट बघणाऱ्याची पातळी उसनी द्यायची. लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा त्यावरचा निबंध 1990 चा. व्हीएक्सवर्क्समध्ये ती सोय होतीच, त्या कुलपावर ती बंद होती. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली. लिनक्समध्येही आज ही उसनवारी कुलूप बनवताना मागावी लागते. न मागता मिळत नाही.

म्हणून पडताळणी करायची तर कुलपासकट करावी. नुसती मोजणी करणारे थ्रेड एकमेकांना कुठेच अडवत नाहीत, खरे प्रोग्राम सतत अडवतात. माझा कल असा की, अनेक सिस्टिमवर चालवायच्या प्रोग्रामने तीनच पातळ्या धराव्यात: मागे पडलं तरी चालेल, साधं, आणि आवाज किंवा यंत्राचा हात अशा गोष्टींसाठी थांबता न येणारं. यांतली मधली फुकट मिळते. खालची बहुतेक ठिकाणी विनाअधिकार मागता येते आणि बऱ्यापैकी पाळली जाते. वरचीसाठी अधिकार लागतो, कुलपांची काळजी लागते. प्रोग्राम सुरू होताना त्याने काय मागितलं आणि कर्नलच्या लेखी काय मिळालं, ही दोन्ही लॉगमध्ये एका ओळीत यावीत. मध्यरात्री आवाज तुटतोय अशी तक्रार आली की सर्वांत आधी तीच ओळ शोधली जाते.